म्हातारीची ओवरी

१

बायडाबाईची किंकाळी ऐकू आली तेव्हा सरोजिनीबाईंच्या हातात चहाचा पितळी पेला होता.

"आवो बाई! मोजणीदार पडल्यात! कड्याखाली पडल्यात!"

ओवरीच्या पायरीवर माधवराव हिरडेकर वकील मोजा मांडीवर घेऊन कुसळं उपटत बसले होते. ते हातातलं कुसळ टाकून ताडकन उठले. आत अंथरुणात वसंत शिंत्रे डोळे चोळत होता, तोही अनवाणी धावत बाहेर आला.

एकोणीसशे चोपन्न सालच्या पौषातली ती रविवारची सकाळ. शाहूवाडी तालुक्यातल्या उंबरवाडीच्या डोक्यावर, कोकणात उतरणाऱ्या जुन्या पायवाटेवर ही दगडी ओवरी उभी आहे. जाड भिंती, वर दगडी पाट, कमरेइतकं जोतं आणि पूर्वेला एक बुटकं दार. वाटसरूंनी पावसात, थंडीत तिथं अंग टाकावं म्हणून कधीकाळी कुणीतरी बांधलेली. आसपासच्या वाड्या तिला म्हातारीची ओवरी म्हणत. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या डोंगरयात्री मंडळाची चार माणसं आदल्या दिवशी तिथं मुक्कामाला आली होती. मंडळाचे कार्यवाह, निवृत्त मोजणीदार अंबादास पोतदार, वकील हिरडेकर, तार ऑफिसातला वसंत आणि मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या सरोजिनी पोतनीस.

त्यातले अंबादास आता ओवरीमागच्या कड्याखाली, वीस हातांवरच्या गवताच्या टप्प्यावर पालथे पडले होते.

सरोजिनीबाईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि कॅनव्हासचे बूट खडकात रोवत त्या खाली उतरल्या. मागोमाग वसंत. अंबादास गेलेले होते, हे पाहताक्षणी कळत होतं. बाई गुडघ्यावर टेकल्या. वीस वर्षं ज्या माणसानं डोंगरात पाय कसा टाकायचा ते शिकवलं, त्याच्याकडे निदान नीट बघायला तरी हवं होतं.

डोक्यावरून खोळ करून पांघरलेली जाड काळी घोंगडी. त्यांनी पाठीवर हात ठेवला. घोंगडी कोरडी होती. भोवतालचं गवत मात्र दवानं निथळत होतं. कडा पश्चिमेचा, दुपारशिवाय तिथं ऊन पोचत नाही. दोघांनी देह उलटा केला, तर अंगाखालचं गवतही भिजलेलं. पायात वहाणा नव्हत्या. उजव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला. आणि उजव्या हाताची बोटं काळी. त्या हाताला मधलं बोट नव्हतं, तरुणपणी मोजणीच्या साखळीत सापडून ते तुटलं होतं. उरलेली तीन बोटं आणि अंगठा काळाभोर झाला होता.

बाईंनी ती बोटं नाकाशी नेली. राखेचा वास येत नव्हता, मेणाचा येत होता.

तेवढ्यात वरून माधवरावांचा आवाज आला.

"सरोजिनीबाई, ती घोंगडी अंबादासरावांची नव्हे! केरबाची आहे ती!"

२

केरबा धनगर बायडाबाईचा नवरा. ओवरीच्या अंगणापलीकडे त्यांचं गवती खोपट. बापजाद्यांपासून हेच घर ओवरी झाडत, वाटसरूला विस्तव-पाणी देत आलेलं. ओवरीशेजारच्या झऱ्यावर त्यांच्या म्हशी पाणी पीत.

आणि आदल्या संध्याकाळी त्याच झऱ्यावरून भांडण झालं होतं.

वर्षापूर्वी माधवरावांनी ओवरी साफ करायची म्हणून एक पाथरवट घेऊन तिथं आठ दिवस मुक्काम ठोकला होता. परत आले ते शोध लावूनच. दारावरच्या शिळेवर मातीखाली अक्षरं निघाली होती : 'शके १६१२, खंडोजी हिरडेकर यांनी पांथस्थांसाठी ओवरी बांधविली.' हिरडेकरांच्या घराण्याचं नाव कोल्हापुरात गाजलं. रविवारी दहा वाजता मामलेदार आणि मंडळाची बाकी माणसं वर येणार होती. ओवरी आणि झरा हिरडेकर घराण्याच्या देखरेखीखाली देण्याच्या कागदावर सह्या व्हायच्या होत्या.

"मग आमच्या म्हशी कुठं जायाच्या पान्याला?" केरबानं शेकोटीपाशी येऊन विचारलं होतं.

"ही ऐतिहासिक जागा आहे, गोठा नव्हे," माधवराव म्हणाले.

केरबा अंबादासांकडे वळला. "मोजणीदार, तुमी बी ह्यांच्यातलं व्हय? ध्यान दिऊन ऐका. ह्यो झरा सुटला तर हितं कुनाचं तरी मडं पडंल!"

अंबादास हसून एवढंच म्हणाले, "उद्यापर्यंत दम धर, केरबा."

अर्ध्या तासानं केरबा परत आला, स्वतःच्या अंगावरची घोंगडी त्यानं अंबादासांच्या खांद्यावर टाकली. "गारठा लई हाय. म्हातारं मानूस," असं पुटपुटत निघून गेला.

शेकोटीभोवती मग जरा हसणं झालं. लष्कराचं जुनं सामान तेव्हा स्वस्तात मिळे. माधवरावांच्या अंगात तसा खाकी रेनकोट, आतून लोकरी अस्तराचा. पायात चामडी बूट आणि लोकरीचे मोजे. दिवसभराच्या चालीनं मोजे कुसळांनी भरले होते. तासभर बसून त्यांनी एकूण एक कुसळ उपटलं, मोजे दुकानातून आणल्यासारखे केले.

"वहाण घालणाऱ्याला ही कटकट नाही, वकीलसाहेब," अंबादास म्हणाले. आणि मग सरोजिनीबाईंकडे वळून, आवाज थोडा उतरवून, "बाई, उद्या सूर्य उगवला की दारावरची शिळा नीट बघा. उजेड तिरका असला की दगडाला खोटं बोलता येत नाही."

त्यानंतर बाई बायडाबाईच्या खोपटात झोपायला गेल्या. पुरुष ओवरीत झोपले. केरबा म्हशींजवळ, उघड्यावर.

दुपारी तालुक्याहून फौजदार सासने डॉक्टरांना घेऊन वर आले. मामलेदार पायथ्यावरूनच परत गेले होते. फौजदारांनी भांडणाची हकिगत ऐकली, ती त्यानंच पांघरायला दिली होती हे बाईंचं म्हणणं कानाआड करून घोंगडी पाहिली, ओवरीच्या जोत्यापाशी नीट ठेवलेल्या अंबादासांच्या वहाणा पाहिल्या. एवढ्या थंडीत म्हातारा माणूस अनवाणी कशाला बाहेर जाईल? झोपेतून ओढून नेला असणार. वसंतनं सांगितलं, "रात्री तीन वाजता कुणीतरी बाहेर जाताना मी पाहिलं." रात्री तीन वाजता ओवरीबाहेर कोण होतं? एकटा केरबा.

संध्याकाळ व्हायच्या आत केरबाच्या हातात बेड्या पडल्या.

"म्या न्हाय केलं, बाई," तो सरोजिनीबाईंना म्हणाला. ओरडला नाही, रडला नाही. "मोजणीदारास्नी म्या हात लावीन व्हय?"

"उद्या बारा वाजता मोटार येईल," फौजदार म्हणाले. "तिनं याला नेतो. तोवर सगळ्यांनी उंबरवाडीच्या चावडीत थांबायचं."

बाईंनी पदर खोचला. बारा वाजेपर्यंत एकोणीस तास होते.

३

चावडीच्या ओट्यावर त्यांनी आधी वसंतला गाठलं. त्याचं आणि अंबादासांचं फारसं जमत नव्हतं. म्हाताऱ्यांनी आता बाजूला व्हावं, असं तो मंडळात उघड बोलायचा. आता मात्र त्याचे डोळे सुजले होते.

"वसंतराव, तीन वाजले हे तुम्हांला कसं कळलं?"

"घड्याळ पाहिलं ना. तीन वाजून दहा मिनिटं."

"काटे दिसले?"

"स्पष्ट दिसले."

"बॅटरी लावली होती?"

"नाही. ती पिशवीत होती."

"काडी ओढली?"

"नाही."

बाईंनी त्याच्या मनगटाकडे बोट दाखवलं. वसंतचा चेहरा हळूहळू बदलला. त्यानं मनगट वर केलं. काटे तीन वाजून दहा मिनिटांवरच होते.

"बंद पडलंय," तो पुटपुटला. "काल चावीच दिली नाही मी... बाई, म्हणजे मी पाहिलं तेव्हा उजाडत होतं!"

"झुंजूमुंजू तरी. त्याशिवाय अंधाऱ्या ओवरीत काटे दिसायचे नाहीत. काय पाहिलंत नेमकं?"

"घोंगडी पांघरलेला माणूस दारातून बाहेर गेला. एकटा. मी कूस बदलली आणि परत झोपलो." त्यानं डोकं धरलं. "माझ्यामुळं तो केरबा..."

"रडू नका. पुढं कामाला या."

माधवराव चावडीच्या आतल्या कोपऱ्यात होते. रेनकोट त्यांनी सकाळपासून उलटा, अस्तर बाहेर करून घातला होता. सकाळी चहाच्या वेळीच बाईंनी त्याबद्दल विचारलं होतं आणि "अस्तर दमट झालंय, हवा लागू दे," असं त्यांनी हसून सांगितलं होतं.

"मी?" आता ते म्हणाले. "मी गाढ झोपलो होतो. ऊन दारात आल्यावर उठलो, बूट चढवले, पायरीवर येऊन बसलो. तुम्ही चहा घेऊन आलात तेव्हा मी तिथंच होतो. बायडाबाई ओरडेपर्यंत पायरीखाली पाय ठेवला नाही." मग आवाज मऊ करून, "बाई, मला दुःख नाही का? पण केरबानं सगळ्यांसमोर धमकी दिली होती. माणूस ओळखायला आपण चुकलो."

बाईंनी मान डोलावली. काहीतरी बोचत होतं. काय, ते मात्र अजून उमगत नव्हतं.

४

उंबरवाडीचे गुंडू पाटील अंगणात मिश्री लावत बसले होते.

"केरबा? त्यो आज सकाळच्याला दूध घिऊन आलता की! माझ्या दारात घागर उतरली तवा सूर्व्या नुकता वर आलता. च्या पिला, हितंच बसला हुता. वरनं सांगावा आला तवा माझ्यासंगट पळत वर गेलाय त्यो."

"ओवरीपासून इथवर यायला किती वेळ लागतो?"

"भरली घागर डोस्क्यावर? दीड तास. जरा जादाच."

म्हणजे केरबानं पहाटे अंधारातच डोंगर सोडला होता. अंबादास उजाडताना बाहेर पडले. त्या वेळी केरबा निम्मा डोंगर उतरला होता.

पाटील उठता उठता म्हणाले, "तुमच्यातलं ते पावणं लई नाजूक दिसत्यात. मगाशी घरात यिऊन रिठं मागितलं. म्हटलं, हितं मयत झालंय आन् ह्यांस्नी कापडं धुवायचं सुचतंय!"

"कुठले पाहुणे?"

"वकील की."

बाई सरळ फौजदारांकडे गेल्या. बंद घड्याळ, पाटलांचा जबाब आणि कोरडी घोंगडी, सगळं त्यांच्यापुढं मांडलं.

"घोंगडीचं काय?" फौजदारांनी विचारलं.

"पौषात त्या माळावर रात्रभर दव पडतं. माझी घोंगडी मी खोपटाबाहेर दोरीवर विसरले होते, सकाळी पिळून पाणी निघालं. अंबादासराव तीन वाजल्यापासून उघड्यावर पडले असते, तर त्यांच्या पाठीवरची घोंगडी कोरडी राहिली असती का? गवत त्यांच्या अंगाखालीही भिजलेलं होतं. दव पडून गेल्यावर ते पडले."

फौजदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. "बाई, दवाला साक्षीला बोलावता येत नाही. डॉक्टरही म्हणाले, थंडीत वेळ नक्की सांगता येत नाही. समजा, केरबा नाही. मग कोण? आणि कशासाठी? वसंतराव झोपलेले, वकीलसाहेब झोपलेले. मोजणीदारांशी वैर कुणाचं?"

"ते उद्या सांगते."

"बारा वाजता मोटार आहे."

"ठाऊक आहे. पण माझ्या परतीपर्यंत एक करा. इथल्या कुणाचंही सामान हलू देऊ नका. कुणाचा कपडाही धुतला जाऊ देऊ नका."

५

सोमवारी फटफटायच्या आधीच बाई डोंगर चढू लागल्या. बरोबर वसंत आणि बायडाबाई. दोन दिवसांच्या चढउतारानं बाईंच्या टाचा सोलल्या होत्या, बुटात रक्त चिकटलं होतं. वसंत म्हणाला, "बाई, जरा टेका." बाई म्हणाल्या, "सूर्य माझ्यासाठी टेकणार नाही."

ते अंगणात पोचले आणि समोरच्या डोंगरावरून पहिली किरणं ओवरीच्या दारावर आडवी आली.

शिळा करड्या-हिरव्या दगडफुलांनी भरली होती. तिच्यावरची अक्षरं त्या तिरक्या उन्हात एकेक उठून उभी राहिली, कडा धारदार, आतला दगड स्वच्छ, निळसर. बाई जोत्यावर चढल्या. चढताना बूट काढून ठेवायची सवय अंबादासांनीच लावली होती. आत भैरोबाचा शेंदूर लावलेला दगडी तांदळा आहे, म्हणून तेही नेहमी वहाणा खाली काढून मगच जोत्यावर चढत. वहाणा तिथं का होत्या, ते कळलं. झोपेतून कुणी ओढून नेलं नव्हतं. ते आपणहून जोत्यावर उभे होते.

त्यांनी बोट अक्षरावरून फिरवलं. "वसंतराव, हे बघा. दगडफुलाचा हा गोल ठिपका. 'खंडोजी'तला 'खं' याच्या मधून गेलाय. अर्धा ठिपका डावीकडे, अर्धा उजवीकडे, आणि मधे अक्षरात काहीच नाही."

बायडाबाई पुढं झाली. मसाल्यासाठी दगडफूल खरवडण्यात तिचा जन्म गेला होता. "बाई, दगडफूल काय एका पावसात येत न्हाय. म्या न्हाती-धुती झाले तवा जिथनं खरवडलंतं, तिथं अजून धड उगवलं न्हाय. आन् हे आधी उगवलंय, मग कापलंय. भाकर मोडल्यावानी."

"शके सोळाशे बारा," बाई सावकाश म्हणाल्या. "अडीचशे वर्षांवर झाली. एवढ्या काळात दगडफुलानं अक्षरं भरून टाकायला हवी होती. ही अक्षरं वर्षाभरापूर्वीची आहेत, वसंतराव. ती मातीखालून निघाली नाहीत. कोरून घेतली."

वसंत जोत्याच्या सांदीत वाकला आणि त्यानं काहीतरी उचललं. काळी, लिंबाएवढी गोळी.

अंबादासांची ठसा घ्यायची गोळी ती. मेण आणि काजळ एकत्र मळून ते घरीच करत. वीरगळांवर कागद धरून घासायची, की अक्षरं उमटतात. म्हणून बोटं काळी होती. म्हणजे पहाटे ते शिळेचा ठसा घेत होते. मग तो कागद कुठं होता?

बाई ओवरीला वळसा घालून मागं गेल्या. अंगण आणि माळ म्हशींनी चरून तुळतुळीत केला होता. चालताना त्यांच्या नऊवारीला काही चिकटत नव्हतं. कड्याच्या कडेला मात्र जनावरं पडू नयेत म्हणून केरबानं बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं होतं. त्यापलीकडे न चरलेलं, गुडघाभर वाळलेलं गवत. कुंपणात एका जागी फांद्या बाजूला सारल्या होत्या. बाई तिथून आत शिरल्या, चार पावलं चालल्या आणि थांबल्या.

लुगड्याच्या काठाला कुसळंच कुसळं लागली होती.

कालपासून काय बोचत होतं, ते त्यांना आत्ता समजलं.

"चला," त्या म्हणाल्या. "मोटार गाठायची आहे."

६

चावडीसमोर मोटार उभी होती. केरबाला आत बसवत होते.

"फौजदारसाहेब, पाच मिनिटं!"

बाई धापा टाकत ओट्यावर आल्या. गाव गोळा झालं होतं. माधवराव खांबाला टेकून उभे होते. दुपारचं ऊन तापलं होतं, तरी रेनकोट घडी करून, अस्तर बाहेर ठेवून, हातावर घट्ट धरलेला.

बाईंनी शिळेची हकिगत सांगितली. काळी गोळी फौजदारांच्या हातात दिली.

"दगडफुलावरून इतिहास ठरवायचा?" माधवराव हसले. "शिक्षिका आहात, कोर्टात उभ्या राहू नका. आणि लेख खोटा असला तरी पाथरवटानं मला फसवलं असेल. त्यात खुनाचा संबंध काय?"

"संबंध कुसळांचा आहे, माधवराव."

त्यांनी कोट दुसऱ्या हातावर घेतला.

"शनिवारी रात्री तुम्ही मोज्यांतलं शेवटचं कुसळ उपटलंत, आम्ही सगळ्यांनी पाहिलं. रविवारी सकाळी मी चहा घेऊन आले, तेव्हा तुम्ही पुन्हा कुसळं उपटत होता. तोवर अंबादासराव कुणाला सापडलेही नव्हते. तुम्ही म्हणता, पायरीखाली उतरला नाहीत. मग एका रात्रीत मोज्यांवर कुसळं उगवली का? अंगणात गवताची काडी नाही. कुसळं आहेत ती कुंपणापलीकडे, कड्याच्या कडेला."

"लघवीला गेलो असेन. विसरलो."

"कड्यावर? काटेरी कुंपण सारून?" बाईंचा आवाज चढला नाही. "अंबादासराव ठसा घेत होते. तुम्ही जागे झालात, बाहेर आलात, पाहिलंत. तो कागद मामलेदारांच्या हाती गेला की सगळं संपणार होतं. तुम्ही तो हिसकावलात आणि कड्यावरून फेकायला धावलात. ते मागं धावले, अनवाणीच. म्हणून तळव्यात काटा. त्यांनी तुम्हांला धरलं. कोट उलगडा, माधवराव."

"हा अपमान आहे!"

"उलगडा," फौजदार म्हणाले आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी कोट ओढून घेतला, झटकून सुलटा केला.

डाव्या छातीवर खाकी कापड फिकट झालेलं होतं. मनाई व्हायच्या आधीच रिठ्यानं घासून घासून. तरी डाग राहिलेच होते. फौजदारांनी नखानं खरवडलं, नखात काळं मेण आलं.

"चुलीची काजळी," माधवराव म्हणाले.

"काजळी रिठ्यानं निघते, मेण निघत नाही," बाई म्हणाल्या. "आणि साहेब, बोटं मोजा."

फौजदारांनी कोट उन्हात धरला. गर्दी पुढं सरकली. एक अंगठा. तर्जनी. मग एका बोटाची रिकामी जागा. मग दोन बोटं.

केरबानं मोटारीतून ते पाहिलं आणि बेड्या घातलेल्या हातांनी तोंड झाकलं.

माधवराव ओट्यावर बसले. "ढकललं नाही मी," ते म्हणाले. "कागद दरीत फेकला, त्यांनी पकडलं, मी झटकलं. शपथेवर सांगतो, पाय त्यांचाच गेला. ते म्हणत होते, मामलेदारांना तुम्हीच सांगा, मी काही बोलत नाही, तुम्हीच सांगा."

"ते खरं असेल," बाई म्हणाल्या. "तसं त्याच वेळी ओरडून सांगितलं असतंत तर मी तुमच्या शेजारी उभी राहिले असते. पण तुम्ही परत येऊन मोजे साफ करत बसलात. आणि वरून हाक मारून आम्हांला सांगितलंत, घोंगडी केरबाची आहे म्हणून."

फौजदारांनी स्वतः केरबाच्या बेड्या काढल्या. बायडाबाईनं नवऱ्याचा हात धरला नाही, ती फौजदारांसमोर जाऊन उभी राहिली. "सायेब, पयलं दगुड बगायचा, मग मानूस धरायचा. आमच्यात जनावर सुदिक असं बांदत न्हाईत."



७

अंबादासांच्या पत्नीला सगळे माई म्हणत. चौदाव्या दिवशी सरोजिनीबाई मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी गेल्या आणि काही न लपवता सगळं सांगितलं. माईंनी शांतपणे ऐकलं. मग उठून ट्रंकेतून एक जुनी मोजणीची वही काढली, तेवीस सालची. अंबादासांनी ओवरीचा नकाशा पेन्सिलीनं काढला होता. खाली बारीक अक्षरात : 'दार साधे. लेख नाही. लोक म्हणतात कोणा म्हातारीने बांधली. नाव कोणास ठाऊक नाही.'

"ही कोर्टात द्या," माई म्हणाल्या. "लागेल."

"देते."

माईंनी ट्रंक बंद केली. "बाई, तीस वर्षं मी शनिवारी डबा बांधून दिला आणि सोमवारी ह्यांचे पाय शेकले. एकदाही विचारलं नाही, तिथं एवढं काय आहे म्हणून. ह्यांनीही कधी म्हटलं नाही, चल." त्यांनी सरोजिनीबाईंकडे पाहिलं. "मला चढवेल का हो?"

"चढवेल. सावकाश जाऊ."

फाल्गुनात त्या निघाल्या. पेठेत पुष्कळ बोललं गेलं. विधवा बाई, वर्षसुद्धा झालं नाही, आणि डोंगर चढायला निघाली. माईंनी ऐकलं आणि डबा बांधला. उंबरवाडीत केरबा डोली घेऊन उभा होता.

"माई, बसा. आमी चौघं हाय."

"मी बसून जाणार नाही," माई म्हणाल्या.

पाच ठिकाणी त्या टेकल्या. सहाव्या ठिकाणी सरोजिनीबाईंनी हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. माथ्यावर पोचायला दुपार कलली. केरबानं कड्याची जागा लांबूनच दाखवली. माई तिथं जाऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ. कुणी जवळ गेलं नाही. मग त्या परत आल्या, बायडाबाईनं दिलेलं झऱ्याचं पाणी तांब्या वर करून प्यायल्या आणि तोंड पुसलं.

ओवरीवरून पुढं गेलेली पायवाट त्यांना दिसली.

"ही कुठं जाते?"

"कोकनात उतरती, माई," केरबा म्हणाला. "लई लांब हाय."

माईंनी सूर्य किती वर आहे ते पाहिलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "त्या वळणापर्यंत जाऊन येऊ."